नावं ठेवायचा मान

मगदूमकाकूंनी डबा आपटला असता तर बरं झालं असतं. त्यांनी तो माझ्यासमोर हळूच ठेवला, झाकण काढलं आणि म्हणाल्या, "आक्का, वास घ्या."

वास घ्यायची गरज नव्हती. लसूण कधी लपून राहतो होय? डबाभर लालभडक चटणी आणि तिच्यात कांदा, लसूण, सगळं. मगदूम जैन. त्यांच्या घरात कांदा-लसूण उंबऱ्याच्या आत येत नाही. मालक गेल्यापासून तासगावात हा चटणी कांडायचा डंका मीच चालवते, आणि मगदुमांची चटणी आमच्याकडे पहिल्यापासून होते. सकाळी सगळ्यांच्या आधी, उखळ धुऊन-पुसून.

"सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि ताटावरून उठल्या," काकू म्हणाल्या. "उठल्या त्या उठल्याच. उपास धरलाय. ह्या वयात."

मला जमिनीनं पोटात घेतलं असतं तरी चाललं असतं. चैत्राचे दिवस. डंक्यावर बायकांची ही रांग. सगळ्यांचे कान इकडे. मी मागं वळले. संजीवनी चाळणी धरून उभी होती, भुवयांपर्यंत मिरचीची लाल पूड उडालेली.

"संजे! हिरवी चिंधी बांधली न्हवतीस?"

बिनलसणाच्या डब्याच्या कडीला हिरवी चिंधी बांधायची, ही आमची पद्धत. अंधारात हात लागला तरी कळावं.

"बांधली होती, आत्या."

"कुठं बांधलीस? कपाळाला?"

बायका हसल्या. संजी नाही हसली. "पवारवहिनी त्यांच्या मुलीच्या बाळंतपणाचं सांगत होत्या," ती म्हणाली. "ऐकता ऐकता शेजारच्या डब्याला बांधली गेली."

"बाळंतपण पवारांच्या पोरीचं आन् कळा माझ्या डंक्याला! अगं, बाप बघ कसला होता तुझा. कारखान्यात काट्यावर बसायचा, उसाची एक गाडी इकडची तिकडं झाली न्हाई त्याच्या हातनं. आन् त्याच्या पोटी हे ध्यान!"

बापाचं नाव काढलं की ती मान खाली घालायची. तशी घातली. मी काकूंना म्हणाले, मी स्वतः उखळ धुते, माझ्या पदरची मिरची घेते, माझ्या हातानं कांडून घरी आणून देते. काकू म्हणाल्या, "चटणीचं काही नाही हो आक्का. सासूबाईंना काय सांगू, ते सांगा." आणि डबा तिथंच सोडून गेल्या.

संजी माझी सून. पण त्याआधी माझी भाची, माझ्या धाकट्या भावाची, रघूची पोर. आमच्यात मामाची मुलगी करून घेतात. माझं माहेर शेजारच्याच गावात. संजी पाच वर्षांची असताना रघू काविळीनं गेला, आणि तिचं लग्न ठरलं त्या साली तिची आईही गेली. मग मीच तिची आत्या, मीच सासू. बोलायला दोन्हीकडून मीच.

त्या संध्याकाळी प्रतापनं, माझ्या मुलानं, ताटावर बसल्या बसल्या विषय काढला. "आई, ती आता डंक्यावर नको. गिऱ्हाईक तुटंल."

"मग घरात ठेवू? घरात काय कमी हाय?" मी म्हणाले. "दूध उतू घालवती, गॅस चालू ठेवून देवाला जाती, किल्ली फ्रीजमध्ये सापडती. तिच्या मागनं फिरून फिरून माझे पाय गेले."

संजी भाकरी वाढत होती. तिनं माझ्या ताटात भाकरी ठेवली आणि म्हणाली, "मला सांगलीला जायचंय. डॉक्टरकडं."

"काय झालं?" प्रताप म्हणाला.

"तपासून घ्यायचंय. माझं लक्ष का टिकत नाही ते. असं लहानपणापासून असतं म्हणे काही जणांना, मोठेपणीपण राहतं. इंग्रजी अक्षरांचं नाव आहे त्याचं, एडीएचडी. मोबाईलवर एक बाई सांगत होती. ती बोलत होती आणि मला वाटलं, ही आपल्याच स्वयंपाकघरात बसून बघून गेली की काय."

"वेड्यांचा डॉक्टर?" प्रतापचा घास हातात राहिला.

"मनाचा डॉक्टर."

"मोबाईल बघून रोग लावून घ्यायचा," मी म्हणाले. "आमच्या येळेला न्हवता असला रोग."

"होता, आत्या. नाव नव्हतं."

मी ताट पुढं करून भाकरीबरोबर कोरड्यास मागितलं. ती वाढता वाढता म्हणाली, "फोन केला होता मी. डॉक्टरबाई म्हणाल्या, लहानपणीचं सांगणारं कुणीतरी बरोबर आणा. त्याशिवाय नीट कळत नाही." आणि पळी हातात तशीच धरून माझ्याकडं बघत राहिली.

लहानपणीचं सांगणारं दुसरं होतंच कोण?

"मी येणार न्हाई," मी म्हणाले. "माझ्या माहेरच्या पोरीच्या डोक्यात खोट हाय, हे सांगलीपतूर जाऊन मीच सांगू? उद्या लोक म्हणतील, आत्यानं जाणूनबुजून घरात आणली. जेव आता."

प्रतापला हायसं वाटलेलं दिसलं. मला तर वाटायलाच पाहिजे होतं. पण त्या रात्री अंग टेकलं तरी पाठ काही सैल होईना.

संजी डंक्यावर यायची बंद झाली. मगदुमांची चटणी मी कांडून दिली. म्हाताऱ्या बाईंनी उपास सोडला, चटणी काही घेतली नाही. त्यापुढं त्यांची मिरची आमच्याकडं आली नाही. मी कुणाला दोष देत नाही. डंक्यावर दिवसभर एकटी बसायचं आणि घरी येऊन पुन्हा सगळ्या बटनांवरनं, झाकणांवरनं हात फिरवायचा. आधी निदान बोलायला तरी कुणी होतं.

एका दुपारी गच्चीवर दोघी मिरच्यांचे देठ मोडत बसलो होतो. ऊन उतरत होतं. 

"आत्या, तुम्ही नाही आलात तर मी परत विचारणार नाही," ती म्हणाली. "मग मी मान्य करते."

"काय मान्य करतीस?"

"मी आळशी आहे. बेफिकीर आहे. मुद्दाम करते. सगळे म्हणतात ते. इतकी माणसं म्हणतात म्हणजे तेच खरं असेल." तिनं मिरची टोपलीत टाकायच्या ऐवजी देठांत टाकली. दिसलं तिला, परत उचलली. "दमले हो मी. उठल्यापासून स्वतःवर पाळत ठेवायची. गॅस बघितला का? बघितला. खरंच बघितला का? जा, परत बघ. दिवसभर असं. आणि एवढं करून चुकायचं ते चुकतंच."

"मी काय कमी दमले?"

"तुम्हीपण दमलात. दिसतंय की मला. म्हणून तर म्हणते, बघून येऊ एकदा."

भांडली असती तर मला सोपं होतं. तोंड माझंही कमी नाही. पण दमलेल्या माणसाशी कसं भांडायचं? मी म्हणाले, "आन् त्या डॉक्टरनं दिलं एखादं इंग्रजी नाव, तर काय करणार त्याचं? फोडणीला घालणार?"

"बारशाला माझ्या कानात नाव कुणी सांगितलं?"

"मी. आत्याचाच मान असतो तो. पाठीत बुक्के खाल्ले मी त्या नावापायी."

"संजीवनी ठेवलंत. चांगलं ठेवलंत. त्याच्यानंतर अजून किती नावं ठेवलीत मला?" ती हसत होती आणि डोळे भरले होते. "धांदरट. वेंधळी. भोंगळ. फुटका हंडा. अर्ध्या चाकाची गाडी. सगळी लक्षात आहेत बघा. मेलं तेवढंच काय ते लक्षात राहतं माझ्या." तिनं पदरानं नाक पुसलं. "एवढी नावं तुम्ही ठेवलीत, आत्या. एक त्या बाईंना ठेवू द्या. नाही पटलं तर परत तुमचीच चालवू."

मी काही बोलायच्या आत माझा हात डोळ्याला गेला. मिरचीचा हात. आग आग झाली. "पाणी आण, पाणी!" मी ओरडले. ती उठून पळाली. मी डोळे मिटून बसले. बसले ती बसलेच. पाणी काही येईना. शेवटी एक डोळा किलकिला करून बघते तर बाई पलीकडच्या कोपऱ्यात, सांडग्यांवर बसलेलं मांजर हाकलतायत.

"अगं भवाने, पाणी!"

"अगं बाई!" म्हणून ती जिन्याकडं धावली.

डोळे धुऊन झाल्यावर मी विचारलं, "कधी जायचंय?"

सांगलीच्या दवाखान्यात वेड्यासारखं कुणीच दिसलं नाही, त्याची मला जरा चीडच आली. एक बँकेतला साहेब वाटावा असा माणूस पेपर वाचत होता. एक कॉलेजची पोरगी आईला बिस्किट देत होती. त्यातली कोण आजारी, तेही कळेना. डॉक्टरीणबाई संजीपेक्षाही लहान, साधा पंजाबी ड्रेस घातलेली. मला आधी खुर्ची दिली.

"तुम्ही ह्यांच्या कोण?"

"आत्या."

"सासूबाई नाही का आल्या?"

"त्याबी मीच."

बाईंचं पेन जरा थांबलं. मग त्या हसून म्हणाल्या, "मग तर फारच बरं. शाळेत कशी होती संजीवनी?"

"हुशार. कुणापरीस कमी न्हाई. दप्तर इसरायची तेवढं."

"नेहमी?"

"नेहमी म्हणजे... कवाकवा शाळाच इसरायची."

"शाळा कशी विसरणार, आजी?"

"आजी नव्हं, आक्का. शाळेला म्हणून घरातनं निघायची आन् ओढ्याला सापडायची. खेकडं बघत बसलेली. मास्तर इकडं हजेरी घेऊन मोकळे."

संजी तोंडाला पदर लावून हसली. बाईंनी एकेक विचारायला सुरुवात केली. एका जागी बसायची का, मधेच बोलायची का, वस्तू हरवायची का, आवडीचं काही असलं की तासन्‌तास त्यात बुडायची का. मी सांभाळून सांगत होते. कुठं कमी दिसू नये असं सांगायचं, आणि सांगून झाल्यावर बघावं तर बाई मान हलवतायत. मी त्यांना झाकून दाखवत होते, त्यांना आतलं दिसत होतं.

मग त्यांनी विचारलं, "आणि घरात आणखी कुणी असं? आई, वडील?"

ह्या एका प्रश्नासाठी मी सांगलीला यायला नको म्हणत होते. लोकांचं काय, लोकांना मी कधी भ्याले नाही.

मी तोंड उघडायच्या आत संजीच बोलली. "नाही मॅडम. वडील एकदम टापटीप. मला फारसे आठवत नाहीत, पण आत्या सांगतात. कारखान्यात काट्यावर होते, कधी एक चूक नाही. पाच गावांत नाव होतं त्यांचं." तिचा आवाज बारीक झाला. "त्याचीच जास्त लाज वाटते. तसल्या माणसाच्या पोटी मी अशी कशी, हे कळत नाही. काही चुकलं की पहिलं आबाच डोळ्यांसमोर येतात. दिसत नाहीत नीट, पण बघतायत असं वाटतं. रागानं."

वर पंखा कुरकुरत होता. बाई माझ्याकडं बघत होत्या.

तो टापटीप रघू मी घडवला होता. त्याच्या तेराव्याला भावकीतली माणसं अंगणात बसून हसत होती. सुटला म्हणे, आणि घरही सुटलं. आत संजी आईच्या मांडीवर होती. तेव्हाच मी मनात धरलं, ह्या पोरीच्या कानावर हे जाऊ द्यायचं नाही. मग तिला दुसरा बाप सांगितला, तिच्या आईलाही तोच सांगायला लावला. दर खेपेला थोडा आणखी चांगला. माझ्या भावाला मेल्यावर तरी कुणी चांगलं म्हणावं, एवढंच होतं. तो असा डोळे वटारून तिच्या डोक्यावर बसलाय, हे मला त्या खोलीत कळलं.

"खोटं हाय ते," मी म्हणाले.

"काय खोटं?" संजी म्हणाली.

"सगळं. काट्यावर होता, तेवढं खरं. पण एक हंगामबी पुरा झाला न्हाई. उसाच्या गाड्या रस्त्यापतूर तुंबल्या आन् ह्यो कुणा गाडीवानाचा रेडिओ खोलून बसला व्हता. घालवून दिला. त्याच्या आधी सोसायटीतनं घालवला, त्याच्या आधी पिठाच्या गिरणीतनं. बाजाराला आमचा बैल घेऊन गेला आन् येताना दुसऱ्याचाच घेऊन आला. घरी येऊन दावणीला बांधला, तरी त्याला कळलं न्हाई." मला थांबता येईना. "वडील त्याला ऐतोबा म्हणायचे. जेवायला गोठ्यात वाढायचे. ऐतोबा न्हवता हो त्यो. एखाद्या कामात लागला की खाणंपिणं सुचायचं न्हाई त्याला. पण जिथं लागायला पाहिजे तिथं लागायचं न्हाई त्याचं मन. जायच्या आधी मला म्हणाला, आक्का, माझ्यात काय खोट हाय गं? मी करायला जातो एक आन् होतंय एक."

माझा पदर कधी तोंडाला गेला ते कळलं नाही. संजीकडं बघायचा धीर होईना. पोरीचा बाप मी तिच्या हातातून काढून घेतला होता, एका परक्या बाईसमोर.

"अगं आत्या," ती म्हणाली. लग्न झाल्यापासून मला 'अहो' म्हणत होती ती. "आबा पण?"

मी बघितलं. रडत नव्हती. जत्रेत चुकलेल्या पोराला लांबून घरचं माणूस दिसावं, तसा तिचा चेहरा झाला होता.

"आबा पण असेच होते?" तिनं परत विचारलं.

"अस्सेच," मी म्हणाले.

बाईंनी पाणी दिलं. म्हणाल्या, आज लगेच काही सांगणार नाही, अजून यावं लागेल, घाई करून चालत नाही. पण तुम्ही आलात ते बरं झालं, आक्का. मी म्हणाले, बरं-वाईट तुमचं तुम्ही बघा, हे बाहेर कुठं बोलायचं न्हाई. त्या म्हणाल्या, नाही बोलत.

पुढं आणखी खेपा झाल्या. बाईंनी त्या इंग्रजी अक्षरांवर बोट ठेवलं, गोळी सुरू केली. थोडा फरक पडला, थोडा नाही पडला. संजी परत डंक्यावर आली, आणि प्रताप कुरकुरत का होईना, गप्प बसला. किल्ली अजून कधीमधी फ्रीजमध्ये सापडते. आता ती सापडली की संजी स्वतःला शिव्या देत नाही, एवढंच. पण मला तो पहिला दिवसच जास्त आठवतो. परतीची एसटी.

गाडीत बसल्यावर तिनं माझा हात धरला तो सोडला नाही. "अजून सांगा." मी दमले होते, जीभ टाळ्याला चिकटत होती, पण सांगत राहिले. रघूनं पत्र्याच्या डब्यांची पवनचक्की करायला घेतली होती, ती अर्धीच राहिली. रघू गोष्ट सांगायला लागला की चुलीवरची भाकरी करपायची. रघू स्वतःच्या लग्नाला वरातीतनं मधेच उतरून कुणाचं तरी वासरू शोधायला गेला आणि नवरी देवळात खोळंबली. संजी इतकी हसली की पुढच्या सीटवरची माणसं वळून बघायला लागली. मीपण हसले. रघूवर मी इतक्या वर्षांत हसले नव्हते. लोक हसायचे म्हणून मी नाही हसायचे.

मग ती बाहेर बघायला लागली. खिडकीबाहेर द्राक्षाचे मांडव मागं जात होते.

"आत्या, आबांना कुणी सांगितलं होतं का? की त्यांची चूक नाही म्हणून?"

"कोण सांगणार? कुणाला ठावं होतं?"

थोड्या वेळानं तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. झोपली. ही पोर झोपेतपण कधी स्थिर नसते. हात हलतो, पाय हलतो, मधेच बडबडते. त्या दिवशी पोत्यासारखी पडली होती. एक बोट हलत नव्हतं.

तासगाव आलं. कंडक्टर ओळखीचा. "आक्का, उतरायचं न्हाई व्हय?"

"न्हाई. फुडचं दोघींचं तिकीट दे."

"फुडं कुठलं?"

"दे कुठलंबी. आन् हळू बोल की जरा."

त्यानं संजीकडं बघितलं, तिकीट फाडलं आणि घंटी न वाजवता ड्रायव्हरला हातानंच खूण केली. स्टँड गेला, पेठ गेली, आमच्या डंक्याची गल्ली गेली. खांदा बधिर झाला होता. मी हलले नाही.

पुढं एका फाट्यावर गाडीनं गचका दिला तशी ती दचकून उठली. बाहेर बघितलं. "आत्या! तासगाव गेलं की!"

"गेलं."

"तुम्ही जाग्या होता ना?"

"माझं ध्यान न्हवतं," मी म्हणाले.

ती माझ्या हातातल्या नव्या तिकिटाकडं बघत राहिली. आम्ही फाट्यावर उतरलो आणि रस्ता ओलांडून उलट्या बाजूला बाभळीखाली उभ्या राहिलो.

"आत्या," ती म्हणाली, "तुम्हालापण दाखवायला पाहिजे एकदा त्या बाईंना."

"गप उभी रहा. आन् गाडी दिसली की हात कर."

गाडी आली तेव्हा ती कुठं बघत होती कुणास ठाऊक. हात मीच केला.